मिरज ते जत रोड : पाच टनांच्या एक्सलवर चाललेली बार्शी लाईट

मिरज जंक्शनला आज कुठल्याही प्लॅटफॉर्मवर उभं राहा, रुळांची रुंदी एकच दिसते, १६७६ मिलिमीटर. पण एके काळी याच यार्डात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीच्या गाड्या एकमेकींच्या शेजारी उभ्या असत. यातली नॅरोगेज म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. कुर्डुवाडीहून (तेव्हाचं बार्शी रोड) बार्शीपर्यंत ती १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. लातूर ते मिरज मिळून सुमारे ३२५ किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. सांगली जिल्ह्यातला तिचा मार्ग आज ब्रॉडगेज झालाय. म्हणून मिरज-कुर्डुवाडी गाडीत बसून, खिडकीतून जुनी लाईन ओळखत जायचं, असा हा प्रवास. डावीकडची खिडकी धरा.

या लाईनचं सगळं गणित एका आकड्यात आहे, एका एक्सलवर (म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर) पाच टन. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने ठरवलं की इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कुठल्याच एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. तेवढं पाळलं की १५ किलो प्रतिमीटरचा रूळही पुरतो. आज ब्रॉडगेजवर ५२ ते ६० किलोचे रूळ असतात, यावरून फरक लक्षात यावा. हलका रूळ म्हणजे हलके स्लीपर, कमी खडी, लहान पूल, आणि लाईन टाकायचा खर्च बराच कमी.

पण इंजिनाला वजनच लागतं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. कॅल्थ्रॉपचा उपाय सरळ होता, वजन वाढवू नका, चाकं वाढवा. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, ०-८-४ रचनेची टँक इंजिनं. म्हणजे पुढे जोडदांड्यांनी बांधलेले चार ओढणारे एक्सल आणि मागे बंकरचा, म्हणजे कोळशाच्या कप्प्याचा, भार पेलणारी चारचाकी बोगी. ओढणाऱ्या चार एक्सलवर पाच-पाच टन धरले तर वीस टन. कोरड्या रुळावर त्याचा चौथा हिस्सा ओढ म्हणून मिळतो, म्हणजे पाच टन. १०० फुटाला एक फूट चढ असेल तर टनामागे चढाचे १० किलो आणि घर्षणाचे साधारण ५ किलो जोर लागतो. पाच हजाराला पंधराने भागा : ३३३ टन. त्यातून इंजिनाचे तीस टन वजा केले की उरतात तीनशे, म्हणजे वीस टनी भरलेले पंधरा डबे. रूळ ओला झाला की पकड सहाव्या हिश्श्यावर येते आणि त्याच चढावर नऊ डबेच निघतात. पावसाळ्यात गाडी का अर्धी करावी लागते, हे कळायला एवढा हिशेब पुरे. रूळ गवतात बुडालेले असतील तर आणखी वाईट. चाकाखाली चिरडलेल्या हिरव्या गवताचा रस वंगणासारखा काम करतो, मग सँडबॉक्समधली वाळू सोडण्यावाचून गत्यंतर नाही. ती वाळूही कोरडी आणि चाळलेली हवी. ओलसर वाळू नळीत बसते आणि नेमकी चढावर दगा देते.

आरग, बेळंकी, सलगरे ही स्टेशनं पटापट जातात. डाव्या हाताला दंडोबाचा डोंगर बराच वेळ सोबत राहतो. या टप्प्यात काळी जमीन आहे, आणि काळी माती हा हलक्या रुळांचा खरा शत्रू. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, भरावाची बाजू खचते आणि एका बाजूचा रूळ खाली जातो. ७६२ मिलिमीटरवर एका रुळाचा एक इंच बसणं म्हणजे डबा ब्रॉडगेजच्या दुपटीहून जास्त कलणं. वेगमर्यादा गाडीच्या ताकदीमुळे पडत नसे, या मातीमुळे पडे.

कवठेमहांकाळला अग्रणीचं खोरं लागतं. इथून लंगरपेठ, ढालगावकडे लाईन चढू लागते, कारण पलीकडे माणगंगेचं खोरं आहे. मधला माथा कृष्णा आणि भीमा यांच्यामधला जलविभाजक. वाफेच्या इंजिनाची खरी परीक्षा इथे, आणि ती चढापेक्षा पाण्याची. हा दुष्काळी पट्टा. विहिरीचं पाणी जड, क्षारांचं. ते बॉयलरमध्ये आटलं की नळ्यांवर पांढरा थर धरतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि नळ्यांची टोकं गळू लागतात. क्षार फार साठले की पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरचं झाकणच फुटू शकतं. उपाय दोनच : चालता-चालता ब्लो-डाऊन कॉकने तळाचं गढूळ पाणी सोडणं आणि शेडमध्ये ठरल्या दिवशी बॉयलर थंड करून धुणं. पण ब्लो-डाऊन म्हणजे जिथे पाणी नाही तिथे पाणी फेकणं. हा पेच माणदेशातल्या प्रत्येक ड्रायव्हरसमोर असे.

टँक इंजिनाचा आणखी एक तोटा इथे उघडा पडे. टाक्या इंजिनाच्या अंगावरच, त्यामुळे पाणी संपत गेलं की वजन घटतं आणि वजनाबरोबर पकड. माथ्याशी पोचेपर्यंत टाकी अर्धी, म्हणजे जोर हवा तेव्हाच कमी. पुढे आलेल्या एफ वर्गाच्या २-८-२ इंजिनांना पाणी-कोळशासाठी मागे वेगळं टेंडर (जोडलेला डबा) होतं, त्यामुळे पकड सारखीच राही. शेवटच्या काळात झेडडीएम डिझेल आली आणि पाण्याचा प्रश्नच मिटला. 

ढालगावच्या आसपास वळणांकडे लक्ष ठेवा. नॅरोगेज टेकाडाला वळसा घालून जाऊ शके, ब्रॉडगेजला वळणं सैल करावी लागतात. म्हणून अशा लाईनवर कुठे नव्या भरावाशेजारी जुना, ठेंगणा भराव सुटा पडलेला सापडू शकतो. ओळखायची खूण म्हणजे माथ्याची रुंदी : नॅरोगेजचा भराव वर साडेतीन-पावणेचार मीटर, ब्रॉडगेजचा जवळजवळ सात.

जत रोडला उतरून जत गाव शोधू नका, ते लांब आहे. नावातलं ‘रोड’ तेच सांगतं. इथून वाहतूक होती ती शेंगा, ज्वारी आणि माणसांची. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्यांना डबे पुरत नसत, मालडब्यांतही वारकरी बसत. एरवी मालवाहतुकीचा गळा आवळला तो मिरजेने. सांगलीची हळद किंवा गूळ नॅरोगेजने आणायचा तर मिरजेत मोठ्या गाडीतून उतरवून छोट्या गाडीत भरायचा. दोनदा हमाली, फुटकी पोती, पावसात पाझरणारा गूळ आणि वाटेत घटणारं वजन. नॅरोगेजच्या चार एक्सलच्या डब्याचं भरलेलं वजन वीस टन, त्यातलं काही डब्याचंच. ट्रकने तो माल दारातून दारात नेला तेव्हा लाईनजवळ उत्तर नव्हतं. डिझेल इंजिन आणून हा खर्च एका पैशानेही कमी होणार नव्हता, तो गेज बदलूनच जाणार होता. पंढरपूर-मिरज टप्प्याचं रुंदीकरण २०११ पर्यंत आटोपलं.

फरक किती पडला ते एप्रिल २०१६ मध्ये दिसलं. लातूरला पाणी न्यायला मिरजेहून जलदूत निघाली. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर, एका टँकरमध्ये पन्नास टन पाणी. पुढे पन्नास टँकरच्या गाड्या गेल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. नॅरोगेजच्या डब्यात पंधरा टन मावतात असं धरलं तरी त्याला एकशे सदुसष्ट डबे लागले असते. डिसेंबर २०२० मध्ये याच मार्गावरच्या सांगोल्याहून देशातली शंभरावी किसान रेल पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली, वाटेत गेज बदलण्यासाठी माल एकदाही न उतरवता.

जुने भराव बघायचे तर मार्च ते मे यावं. पाऊस पडला की बाभळी आणि गवत सगळं झाकून टाकतं. ढालगावपासून पायी फिरणार असाल तर पाणी बरोबर ठेवा, आणि चालू रुळावरून नाही, शेताच्या बांधावरून जा. ब्रॉडगेजची गाडी हलक्या आवाजात आणि फार वेगाने येते.