तुम्ही विचारलंत म्हणून: घर, बँक आणि दुसरी किल्ली

ट्रेनिंग सेंटरवर नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावतात तेव्हा विषय कर्जवसुलीचा असतो, पण चहाच्या सुट्टीत प्रश्न भलताच येतो. "मॅडम, घर आणि बँक, दोन्ही कसं जमवलंत?" विचारणाऱ्या बहुतेक मुलीच. पोस्टिंग घरापासून लांब, लग्न ठरत आलेलं किंवा नुकतंच झालेलं. चहा संपेपर्यंत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून सावकाश लिहिते.

आधी किल्लीचं सांगते. बँकेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. एक किल्ली हेड कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे; दोन्ही लागल्याशिवाय रोकड बाहेर येत नाही. रजा घ्यायची तर किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती द्यायची, रजिस्टरमध्ये तारीख-वेळ घालायची, दोघांनी सह्या करायच्या. मुलगा लहान असताना एकदा पहाटे त्याला सडकून ताप भरला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. त्याला नवऱ्याच्या खांद्यावर देऊन मी शाखेत गेले, किल्ली दिली, सही केली आणि त्याच रिक्षाने डॉक्टरांकडे पोचले. शाखा वेळेवर उघडली. माझ्यावाचून काही अडलं नाही याचं वाईट तर सोडाच, मला हायसं वाटलं.

घरात मात्र सगळ्या किल्ल्या एकीच्याच कनवटीला. लसीचं कार्ड कुठल्या कप्प्यात, वर्गशिक्षिकांचा नंबर काय, सिलिंडर कधी लावला, सासूबाईंची बीपीची गोळी जेवणाआधीची की नंतरची. काम कोण करतं यापेक्षा ते लक्षात कोण ठेवतं, यानेच माणूस जास्त दमतं, असं माझं पक्कं मत आहे. "तू फक्त सांग, मी करतो" म्हणणारा नवरा चांगलाच, नाही म्हणत नाही. पण तो मदतनीस झाला. किल्ली त्याच्याकडे नाही.

स्केल टूचं, म्हणजे अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या श्रेणीचं, प्रमोशन मिळालं तेव्हा आमचं बिऱ्हाड सांगलीत, मुलगा आठवीत, आणि पोस्टिंग आलं जालन्याचं. महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवऱ्याच्या किंवा आईवडिलांच्या गावाजवळ ठेवा, असं अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना 2014 मध्येच कळवलं होतं. त्या आधारे मीही अर्ज केला. जागा रिकामी नाही, असं उत्तर आलं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी याच धास्तीने प्रमोशनचा फॉर्म भरत नसत. त्यांना नावं ठेवणारी मी कोण? प्रत्येकीच्या घरचं तिलाच ठाऊक.

मी गेले. जाण्याआधी नवऱ्याला रीतसर चार्ज दिला. डायनिंग टेबलावर वही उघडून दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळं लिहून काढलं. मग एक नियम स्वतःला घालून घेतला: चार्ज दिला की जालन्याहून फोन करून तपासणी करायची नाही. शाखेतही तसं करणारा साहेब कुणाला आवडत नाही. आठवड्यातले तीन-तीन दिवस खिचडी झाली. पीटीच्या दिवशी मुलगा पांढऱ्या बुटांशिवाय गेला. काही बिघडलं नाही, फक्त माझ्या पद्धतीने झालं नाही.

2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. आमच्यासारख्यांचा संसार त्या दोन शनिवारांवर चालायचा. शुक्रवारी कॅश टॅली झाली की रात्रीची गाडी, रविवारी रात्री परत. नोटाबंदीत तेही गेलं; 12 नोव्हेंबर 2016 चा दुसरा शनिवार आणि लागून आलेला रविवार, दोन्ही दिवस शाखा उघड्या, दारात रांगा. दहावीची परीक्षा तेव्हा मार्चमध्ये आणि आमचं वर्षअखेरचं क्लोजिंगही मार्चमध्ये, हे कोणी जुळवलं देव जाणे. पोराचे पेपर चालू होते तेव्हा मी कर्ज एनपीए, म्हणजे थकीत, होऊ घातलेल्या खातेदारांच्या दारात उभी होते.

एक हिशेब मात्र उघडपणे मांडायला हवा. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. फरक 201 मिनिटांचा. शाखेत संध्याकाळी शंभर रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. घरातला फरक रोज कुणीतरी मुकाट पदरचा भरतं. आमच्याकडे तो नवऱ्याने काही भरला, पण जास्त सासूबाईंनी आणि पोळ्यांच्या मावशींनी. "मॅडमनी जमवलं" असं तुम्ही म्हणता, त्यात या दोघींचे तास आहेत. मावशी आमच्याकडे पोळ्या लाटायच्या त्या वेळी त्यांच्या घरी कोण लाटत होतं? त्यांची शाळेत जाणारी मुलगी. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तेव्हापासून कुणी माझ्या जिद्दीचं कौतुक करू लागलं की मी विषय बदलते.

आणि सगळं साधलं असंही नाही. मुलगा आता नोकरीला पुण्यात आहे. गाडी बिघडो की मालकाशी वाजो, पहिला फोन बाबाला. मला मागाहून कळतं, तेही मी विचारलं तर. खटकतं, खोटं कशाला बोलू. पण रोज समोर जो होता त्यालाच फोन जाणार, त्यात नवल काय?

तेव्हा फॉर्म भरू की नको, असं विचारणाऱ्यांनी आधी घरी वही उघडून बसावं. त्यातली कोणती पानं दुसरं कुणी सही करून घेतंय ते बघावं. घेणारं कुणीच नसेल, तर अडचण प्रमोशनची नाही, ती आजही आहेच. लग्न ठरायचं असेल त्यांनी बदलीचा विषय साखरपुड्याआधी काढावा. पत्रिका जुळवायला आठवडा लागतो, याला अर्धा तास पुरतो. आणि भरायचाच असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, झोनल ऑफिस मुदत वाढवून देत नाही.