आईचा व्हिसा: नकाराचं कारण मिळवायला लागलेले साडेतीन महिने

आईचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला. पत्रात कारण असं की मुक्काम संपल्यावर ती परत जाईल याची खात्री पटत नाही. साताऱ्यात जन्म गेलेली बाई. घर, शेत, पेन्शन, धाकटा भाऊ, सगळं तिथेच. कागद कुणी उघडले तरी होते का?

भारतातून ऑनलाइन आलेले व्हिजिटर अर्ज २०१८पासून इथे आधी संगणक चाळतो. जुन्या निर्णयांवरून बनवलेल्या नियमांनी तो सोपे अर्ज पात्र ठरवतो, बाकीचे अधिकाऱ्याकडे जातात. नकार माणूसच देतो, असं सरकार सांगतं. पण जुन्या निर्णयांतच आकस असेल तर तो नियमांतही उतरणार, ही भीती मला रास्त वाटते. शिवाय अधिकाऱ्यांकडे ‘चिनूक’ नावाचं एक्सेलवर चालणारं साधन आहे, त्यात अर्जदाराची माहिती तक्त्यात दिसते. आई त्या तक्त्यातली एक ओळ झाली असेल, हे मला सहन होईना.

म्हणून अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या. माहितीच्या कायद्याखाली, फी ५ डॉलर. इथेच सगळं अडलं. आईचं संमतीपत्र हवं होतं. तिने सही मराठीत केली, पासपोर्टवर इंग्रजीत आहे. तीन आठवड्यांनी अर्ज परत. पुन्हा फॉर्म, पुन्हा भावाला सायबर कॅफेत पिटाळणं. सरकारला उत्तर द्यायची मुदत ३० दिवसांची. ती उलटायच्या आत मुदतवाढीचं पत्र आलं. रोज रात्री ईमेल उघडायचो. फोनवर आई विचारायची, “माझं काही चुकलं का रे?” त्याचं उत्तर मला देता येत नव्हतं, याचाच संताप जास्त होता.

नंतर कळलं, २०२२पासून परदेशातली व्यक्तीही स्वतःची माहिती थेट मागू शकते, तीही फुकट. तुम्ही तेच करा.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: देशाबाहेरच्या अर्जावरच्या नकाराला फेडरल कोर्टात आव्हान द्यायला ६० दिवसच असतात. नोंदींची वाट बघत बसू नका, वकिलाला लगेच गाठा. माझे ते दिवस गेले.

अखेर नोंदी आल्या. जेमतेम चार ओळी. त्यांत शेताचा उल्लेखच नाही, पेन्शनचाही नाही. आईला लगेच फोन केला: तुझं काही चुकलेलं नाही.

नवा अर्ज परवा भरला. सोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात शेत आणि पेन्शन, मागे सातबाराचं इंग्रजी भाषांतर.