सागाला पालवी फुटली आणि लिंक गेली

डोणज्याजवळच्या एका वस्तीची विहीर खाली, पाण्याची टाकी वर टेकडीच्या पोटाला. सरळ रेषेत ३ किलोमीटर. टाकी भरली की रिकामी हे खाली कळवणाऱ्या फ्लोट स्विचची केबल दरवर्षी जेसीबीखाली तुटायची, मग पंप चालवणाऱ्या काकांना पहाटे अंधारात टाकी बघायला वर जावं लागे. एप्रिलमध्ये तिथे मी रेडिओ मोडेमची, म्हणजे केबलऐवजी रेडिओ लहरींवर माहिती पाठवणाऱ्या यंत्रांची, जोडी बसवली. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना आहे, आणि टाकीची पातळी कळायला ९६०० बॉडचा वेग भरपूर झाला.

आधी नऱ्ह्यातल्या वर्कशॉपमध्ये दोन्ही मोडेम टेबलावर चालवले, अँटेनाऐवजी डमी लोड (सिग्नल जिरवणारा रोध) लावून, पॉवर अगदी कमी ठेवून. इतक्या जवळून पूर्ण पॉवर सोडली तर रिसीव्हर बधिर होतो. केबलवर सुरळीत चालणारं मॉडबस (यंत्रांची आपसात प्रश्नोत्तरं करायची भाषा) रेडिओवर टाइमआउट देत होतं, म्हणून उत्तराची वाट बघायची मुदत १ सेकंद केली.

जागेवर दोन्ही यागींच्या, म्हणजे एका दिशेला रोखायच्या अँटेनांच्या, काड्या उभ्या ठेवल्या. काकांनी टाकीवरून आरसा चमकवला, मला विहिरीवरून तो स्वच्छ दिसला. सिग्नल उणे ७४ डीबीएम. हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण.

जुलैत काकांचा फोन आला. "ताई, पंप आपोआप थांबतोय. टाकी कोरडी पडली."

पंप थांबत होता हे बरोबरच होतं. लिंक २ मिनिटं गेली की थांबायचं, हे मीच घातलं होतं. पण लिंक का जावी? जाऊन बघते तर उणे ८८, आणि वारा सुटला की त्याहून खाली. विहिरीपासून २०० मीटरवर बांधावर सागाची रांग आहे. एप्रिलमध्ये तिथे नुसते खराटे होते, त्यातूनच आरसा दिसला होता. आता परातीएवढी ओली पानं.

डोळ्याला एक रेषा पुरते. रेडिओला त्या रेषेभोवती मधे फुगलेली नळी मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. सागापाशी तिची त्रिज्या ८ मीटर येते. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे ५ मीटरच्या आसपास, मोकळी हवी. शेंडे तर रेषेलाच टेकले होते. हे गणित मी एप्रिलमध्येच मांडायला हवं होतं.

शेतकरी दादा म्हणाले, "दोन झाडं काढू का?" मी नको म्हटलं. इतक्या वर्षांचा साग माझ्या चुकीपायी का जावा? विहिरीवर ६ मीटरचा जीआय पाइप उभा केला, तीन तणावे, अर्थिंग, कनेक्टरवर रबरी टेप. यागी वर चढवली आणि भर पावसात आकडा आला उणे ७१.

साग अजून वाढणार आहे, म्हणून पाइपाच्या टोकाला आटे ठेवलेत.