कोंबारो, ओहोटीला

१५ जून, रात्री सव्वादहा

आत्ता कुठे सूर्य बुडतोय. घड्याळ मध्य युरोपाचं आणि हे गाव स्पेनच्या पार पश्चिमेला, पोर्तुगालच्या डोक्यावर, मग दुसरं काय होणार! जेवायला बसलो तेव्हा डोळ्यांवर ऊन येत होतं. लाकडी ताटलीत ऑक्टोपसच्या चकत्या, वर जाडं मीठ, लाल मिरचीपूड आणि ऑलिव्ह तेल. बस्स. मसाल्यावाचून अडलं नाही, हे घरी सांगायचं नाही.

जवळच्या पाँतेवेद्रा शहरातून बसने आलो ते इथले ‘ओर्रेओ’ बघायला. मक्याची कणसं साठवायची ही दगडी-लाकडी कोठारं पाण्याच्या अगदी काठावर ओळीने उभी आहेत. खांब ग्रॅनाइटचे. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक चपटा गोल दगड बसवलेला, म्हणजे उंदीर वर चढला तरी तिथे अडतो. भिंतींना फटी, वारा आत खेळावा म्हणून. पहिल्यांदा मला ती देवळंच वाटली, कारण छपरावर क्रूस! धान्याची राखण उंदरापासून आणि सैतानापासून, दोन्हीकडून.

दुपारी मात्र गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानोदुकानी चेटकिणीच्या बाहुल्या टांगलेल्या. (एक घेतली. असो.) चौकातल्या दगडी क्रूसावर मरियम समुद्राकडे तोंड करून आणि येशू जमिनीकडे. दर्यावर गेलेल्यांची काळजी आईकडे, हे पटलं.

पण खरं गाव दिसलं ते सकाळी अकराला. कालच अमावस्या झालेली, त्यामुळे ओहोटी चांगलीच लांब गेली होती. होड्या चिखलात कलंडलेल्या, शेवाळाचा वास, आणि गमबूट घातलेल्या सात-आठ बायका कमरेत वाकून दाताळ्याने वाळू ओढत होत्या. तिसऱ्याच त्या, खाडीतल्या शिंपल्या! देवगडच्या खाडीत आत्या अशीच वाकायची, फक्त लुगड्याचा काष्टा मारून. मी काठावर उकिडवा बसून बघत राहिलो. त्यातल्या एका आजींनी बादलीतली एक तिसरी उचलून मला दाखवली, मग खिशातून धातूची छोटी मापपट्टी काढून तिला लावली. भरली नाही. मान हलवून आजींनी ती परत पाण्यात भिरकावली.

आत्याने ती नक्की कालवणात टाकली असती.