दिवाळी पहाटेची परवानगी काढताना : माझा अनुभव

सोसायटीच्या आवारात होणारी आमची दिवाळी पहाट यंदा बागेतल्या खुल्या रंगमंचावर न्यायची ठरली. तिकीट नाही, गाणारे सगळे आजूबाजूचेच, हौशी. कलाकार, तबला-पेटी, सतरंज्या, सगळं पटापट जमलं. राहिली होती फक्त परवानगी.

बाग ज्यांच्या ताब्यात, त्या कचेरीतल्या साहेबांनी अर्ज न वाचताच सांगितलं, "आधी पोलिसांचा परवाना आणा." पोलीस ठाण्यात विचारलं, "जागेचं पत्र कुठंय? जागाच नक्की नाही तर स्पीकर कुठे लावणार?" त्यांचं काही चूक नव्हतं. परत कचेरी. साहेब रजेवर. साहेब आले तेव्हा अर्ज 'वर' गेलेला. वर गेलो तर तो 'कालच खाली पाठवला'. खाली कुणाच्याच टेबलावर नाही. नवा अर्ज द्या म्हणाले, दिला, त्यावर पुन्हा तेच, "पोलिसांचं काय झालं?" इकडे वसुबारस जवळ येत होती आणि आमचे गायक रोज फोन करून विचारत होते, पत्रिका छापू का?

शेवटी आवक-जावक बघणाऱ्या बाईंनीच हळूच सांगितलं, "पोलीस परवानगीच्या अधीन राहून तत्त्वतः मान्यता द्यावी, असं अर्जात लिहा." लिहिलं. दुसऱ्या दिवशी पत्र हातात! ही ओळ साहेबांना ठाऊक नव्हती, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. तुम्ही पहिल्याच अर्जात ती घाला. आणि हो, अर्जाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

ठाण्यात मग अडलं ते वेळेवर. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार सूट देऊ शकतं, पण ती रात्री १२ पर्यंतची, पहाटेसाठी नाही. आम्हाला तर पाचला सुरू करायचं होतं. "सगळेच लावतात हो," असं मंडळातल्या एकाने सुनावलं. मी अडून बसलो : सहापर्यंत माईक बंद. ललत आणि भटियार हे राग नुसत्या आवाजावर झाले, लोक आपणहून पुढे सरकून बसले, आणि खरं सांगतो, तो पहिला तासच सगळ्यात रंगला. निवासी भागात दिवसाची मर्यादाही ५५ डेसिबल आहे, तेव्हा सहानंतरही भिंत उभारल्यासारखे स्पीकर नकोत. १०० मीटरच्या आत दवाखाना किंवा शाळा असेल तर शांतता क्षेत्राचा प्रश्न येतो, ते आधीच विचारून घ्या.

गाण्यांच्या हक्कांचं बऱ्याच जणांनी विचारलं. हौशी मंडळाने फुकट ऐकणाऱ्यांसमोर गायलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सवलत आहे. तिकीट लावलंत की ती गेली. मध्ये एकांकिका घालायची असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. आम्ही म्हणूनच ती गाळली.

बागेची अनामत रक्कम अजून परत आलेली नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो म्हणे. पाडवा पहाटेच्या अर्जासोबत तोही देणार आहे, दोन प्रतींत.