घासणे, विसळणे आणि स्प्रिंगचा नळ

नेरुळमधील आमचे घर सिडकोच्या चार मजली इमारतीत, गच्चीच्या थेट खाली आहे. मागच्या दिवाळीआधी स्वयंपाकघराचा ओटा नव्याने करायला घेतला, तेव्हा ग्रॅनाइटचा रंग, ट्रॉल्यांची मापे आणि टाइल्स यांवर घरात महिनाभर खल झाला. नळाचा विषय मात्र दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत निकालात निघाला. उंच मानेचा, भोवती स्टीलची स्प्रिंग असलेला आणि ज्याचे तोंड हातात धरून हवे तिकडे वळवता येते असा नळ मी पाहिला आणि घेऊन टाकला. दुकानदाराने त्याला ‘प्रोफेशनल मॉडेल’ म्हटले. त्या शब्दासरशी माझ्या डोळ्यांपुढे ठाण्यात पाचपाखाडीला असलेले माझ्या मावसभावाचे पोळी-भाजी केंद्र उभे राहिले, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

त्याच्याकडचा नळ मी अनेकदा पाहिला आहे. सिंकच्या मागून एक सरळ पाइप जवळजवळ तीन फूट वर जातो आणि क्लॅम्पने भिंतीला पक्का धरलेला असतो. त्याच्या टोकाशी जाड स्प्रिंगमध्ये लवचिक नळी कमानीसारखी वळून खाली येते आणि तिच्या शेवटी पितळी झडपेचा स्प्रे लोंबत असतो. झडपेची दांडी दाबली की पाणी येते आणि सोडली की थांबते. दुपारी दोनच्या सुमारास ताटांचा डोंगर साचतो, तेव्हा तिथला मुलगा आधी सगळे खरकटे डब्यात झाडतो, ताटे जाळीच्या रॅकमध्ये तिरकी लावतो आणि मग एकेका ताटावरून स्प्रे फिरवतो. वाळलेली शिते, आमटीचा ओघळ, कडेला चिकटलेला तूप-भात अशा सगळ्यावर पाणी पात्यासारखे बसते. एका ताटाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. स्प्रे सोडून दिला की स्प्रिंग त्याला वर ओढून घेते, म्हणून तो कधी सिंकमध्ये पडून राहत नाही.

हा जोर पाहून तिथे पाणी भरमसाट वापरले जात असणार असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा कायद्याने अशा व्यावसायिक स्प्रेला मिनिटाला १.६ गॅलन, म्हणजे साधारण सहा लिटर, ही कमाल मर्यादा घातली आणि २०१९ पासून प्रकारानुसार ती १ ते १.२८ गॅलनपर्यंत, म्हणजे पावणेचार ते पावणेपाच लिटरच्या आसपास, खाली आणली. (पाण्याच्या तोटीचा नियम ऊर्जेच्या कायद्यात आला, कारण तिकडे भांडी गरम पाण्याने विसळतात आणि वाचलेला प्रत्येक लिटर म्हणजे वाचलेले इंधन असते.) त्याच देशात घरगुती स्वयंपाकघरातील नळाला मात्र मिनिटाला २.२ गॅलन, म्हणजे सव्वाआठ लिटरपर्यंत मुभा आहे. हॉटेलच्या नळातून घरच्या नळापेक्षा कमी पाणी येते, तरी तो जास्त काम करतो, याचे कारण पाण्याच्या मापात नसून दाबात आणि तोंडाच्या बारीक छिद्रांत आहे. हे मला नळ बसवून झाल्यावर कळले.

तिकडे घरगुती नळाची मर्यादा ६० पीएसआय दाबाला मोजतात. हा दाब साधारण चार बार होतो, आणि चार बार म्हणजे चाळीस मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. नुसत्या उंचीवर तो मिळवायचा तर टाकी नळाच्या तेरा-चौदा मजले वर असायला हवी. माझ्या घरात गच्चीवरच्या टाकीतील पाणी आणि ओट्यावरचा नळ यांत जेमतेम चार मीटरचे अंतर आहे, म्हणजे दाब ०.४ बार, अर्थात एक दशांश. दाब दहापट घटला तर प्रवाह दहापट घटत नाही, कारण तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. तरीही तो एक तृतीयांशाच्या खाली जातोच. म्हणजे पूर्ण दाबाला मिनिटाला सहा लिटर देणारा स्प्रे माझ्याकडे दोन लिटरसुद्धा देणार नाही. मावसभावाने हे गणित कधी मांडलेले नाही, पण त्याच्याकडे टाकीनंतर अर्ध्या अश्वशक्तीचा प्रेशर पंप आहे, आणि स्प्रेचे सगळे तेज त्या पंपाचे आहे.

नळ बसला त्या संध्याकाळी स्प्रेचे बटण दाबले, तेव्हा जे पडले त्याला पाऊसही म्हणता येणार नाही. पागोळ्या म्हणणे जास्त योग्य होईल. मी एक लिटरचे माप आणि मोबाइलचे घड्याळ घेऊन बसलो. बाल्कनीत कपडे धुण्यासाठी असलेल्या जुन्या साध्या तोटीखाली माप आठ सेकंदांत भरले. नव्या नळाच्या सरळ धारेला चौदा सेकंद लागले आणि स्प्रेला एकवीस. दुसऱ्या दिवशी प्लंबर पुन्हा आला आणि त्याने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अशी, की हा नळ गरम-थंड मिक्सर असून आमच्याकडे गरम पाण्याची लाइन नसल्याने ती बाजू प्लगने बंद केलेली होती. दांडी मधोमध ठेवली की थंड पाण्याची वाट अर्धवटच उघडते, ती पूर्ण थंड बाजूला वळवूनच उघडायला हवी. एवढ्यानेच चौदाचे अकरा सेकंद झाले. दुसरी गोष्ट म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली प्लॅस्टिकची चिमुकली झडप. ती काढली की प्रेशर वाढेल, असे तो म्हणाला. मी ती काढू दिली नाही.

त्या झडपेविषयी थोडे सांगायला हवे, कारण घरगुती आणि व्यावसायिक नळांतील हा फरक दिसत नाही, पण महत्त्वाचा आहे. स्प्रेचे तोंड साबणाच्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात पडले असेल आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावर लाइन रिकामी केली गेली, तर नळीतून ते मळकट पाणी उलटे ओढले जाऊ शकते. एकदिशा झडप हे थांबवते. मावसभावाकडचा स्प्रे स्प्रिंगमुळे सिंकच्या काठाच्या वरच लोंबतो, त्यामुळे बुडण्याचा प्रश्न सहसा येत नाही. घरी नळी लांब खेचता येते, हे ज्याचे कौतुक केले जाते तेच इथे धोक्याचे कारण होते.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी नव्या नळाकडे पहिले दोन दिवस पाहिले, मग त्याचे तोंड होते तिथेच अडकवून ठेवले आणि टपात पाणी भरून मगाने विसळायला सुरुवात केली. मला थोडा रागच आला. एवढा खर्च करून आणलेली वस्तू वापरायला काय हरकत आहे, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “दादा, हा डाव्या हातात धरला तर भांडं कुठल्या हातात धरू? आणि घासू कशानं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. केंद्रातल्या त्या मुलाचे काम आठवून पाहा: ताटे रॅकमध्ये उभी असतात, त्यामुळे त्याचा एक हात मोकळा असतो आणि त्याचे त्या क्षणीचे काम फक्त विसळण्याचे असते. घासणे पलीकडच्या सिंकमध्ये दुसरा माणूस करतो. घरात एकच माणूस कुकरचे भांडे फिरवत घासतो, लगेच विसळतो आणि ताटाळ्यात पालथे घालतो. त्याला दोन्ही हात भांड्याला लागतात आणि पाणी आपोआप, ठरल्या जागी पडत राहणे सोयीचे असते. स्प्रे हे विसळण्याचे हत्यार आहे. घासताना तो अडचण होतो.

मावशींच्या सुट्टीच्या दिवशी भांडी माझ्याकडे येतात, म्हणून मी महिनाभर हट्टाने तो वापरून पाहिला. परात आणि कढई धुताना, सिंकचे कोपरे साफ करताना आणि विशेषतः पालक-कोथिंबिरीच्या मुळांतली माती काढताना तो खरोखर उपयोगी पडला. तांदूळ धुताना मात्र त्याने पाण्यासोबत तांदूळही उडवले. पिण्याच्या पाण्याची कळशी भरताना एवढा वेळ लागला की मी मध्ये वर्तमानपत्राचे एक पान वाचून घेतले. शिवाय सहाव्या आठवड्यात नळाचे तोंड परत जागेवर बसेना. खाली वाकून पाहिले तर नळीला परत खेचणारे वजन पाण्याच्या फिल्टरच्या सांडपाण्याच्या नळीत अडकले होते. म्हणजे माझ्या नळावरची स्प्रिंग दागिन्यापुरती होती. ओढून घेण्याचे काम कपाटातले ते वजनच करत होते. मावसभावाचा नळ माझ्या ओट्यावर मावलाही नसता, कारण ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत दोन फूटच जागा आहे.

दुरुस्तीच्या बाबतीतही हे दोन नळ वेगळ्या घराण्यातले आहेत. त्याच्या नळाचा वायसर, स्पिंडल, नळी, स्प्रेचे तोंड असे सगळे सुटे मिळते आणि पाना घेऊन तो ते स्वतः बदलतो. माझ्या नळाचे कार्ट्रिज, म्हणजे दांडीखालची पाणी उघड-बंद करणारी डबी, ३५ मिलिमीटरचे, बाजारात सहज मिळणारे आहे, पण स्प्रेचे प्लॅस्टिकचे तोंड त्याच कंपनीचे लागते. ते मॉडेल उद्या बंद झाले की अख्खा नळ भंगारात काढावा लागेल.

नळ शेवटी माझ्या बहिणीकडे गेला. ती घोडबंदर रोडला एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर राहते. टाकी वीस मजले वर असल्याने तिच्याकडे दाब इतका आहे की प्रवेशाच्या पाइपवर दाब कमी करणारी झडप बसवलेली आहे. तिथे तो नळ दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे वागतो. तिच्या सिंकची खोली फक्त आठ इंच असल्याने पहिल्या दिवशी तिच्या ड्रेसवर आणि समोरच्या खिडकीवर पाणी उडाले, ते सोडा. तिची अडचण निराळी आहे: सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे बोअरवेलचे पाणी येते आणि त्यातल्या क्षारांनी स्प्रेची छिद्रे बुजतात. नेरुळला आम्हाला मोरबे धरणाचे पाणी मिळते, त्यात हा त्रास जवळजवळ नाही. तिला मी एवढेच सांगितले की तोंडावरच्या रबरी टोकांवरून आठवड्यातून एकदा अंगठा फिरवायचा, आणि तरीही धारा वाकड्या पडू लागल्या तर वाटीभर व्हिनेगरमध्ये ते तोंड रात्रभर बुडवून ठेवायचे.

आमच्या ओट्यावरचे भोक रिकामे राहिले, त्यात आता फक्त थंड पाण्याचा, फिरत्या मानेचा साधा नळ आहे. त्याच्या तोंडाला धार आणि झारी असे दोन प्रकार देणारा, हवा तसा वळणारा छोटा जोड लावला आहे. एक लिटरला नऊ सेकंद लागतात. प्रेशर पंपाचा विचार करून सोडून दिला, कारण गच्चीवरून येणारी एकच लाइन चार घरांना जाते आणि तिच्यावर पंप लावायचा तर खालच्या तिघांशी आधी बोलावे लागेल. पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणे तर नियमातच बसत नाही.

मावशींनी नवा नळ उजवीकडून डावीकडे एकदा फिरवून पाहिला, त्याखाली कुकर धरला आणि मग टप उचलून बाल्कनीत ठेवून आल्या.