मेथिओनिन वगळलं ती बॅच

आमचं शेड दारव्हा तालुक्यात, 2000 ब्रॉयलर (मांसाच्या) कोंबड्यांचं. खाद्य घरीच बनवतो: मका, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), तेल, मिनरल मिक्शर. त्यात मेथिओनिन, म्हणजे प्रथिनांतला एक घटक, वरून घालावं लागतं. मागच्या पावसाळ्यात ते आणायला पैसे पुरले नाहीत. मी म्हटलं, प्रथिनंच हवीत ना, मग डीओसी वाढवू. तिथंच चुकलं.

18व्या दिवशी मामंजी डोळे पुसत शेडमधून बाहेर आले. "पोरी, आत एवढं काहून झोंबून रायलं वं?" मी खाली अंथरलेला मूठभर तूस दाबून पाहिला, तर लाडूच वळला. पक्ष्यांच्या पाठी उघड्या होत्या, अन् काही पिल्लं तुसात पडलेली पिसं वेचून खात होती. मला फार वाईट वाटलं. भुकेली नव्हती ती, भांडी भरलेली होती.

प्रथिनं ज्या घटकांची बनतात ती अमिनो आम्लं. मका-सोयाच्या खाद्यात त्यांतलं सगळ्यात आधी कमी पडतं मेथिओनिन, मग लायसिन, मग थ्रिओनिन. जे कमी पडलं तिथंच वाढ अडते, आणि पिसांना तर गंधक असलेली अमिनो आम्लं लागतातच. उरलेली अमिनो आम्लं पक्ष्याला साठवता येत नाहीत. त्यांतला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेत जातो, पक्षी पाणी जास्त पितो, तूस ओला होतो आणि त्यातून अमोनिया सुटतो. महागाची डीओसी मी तुसात घालत होते.

आपल्या ताटातही हेच आहे. ज्वारीत लायसिन कमी, तुरीच्या डाळीत मेथिओनिन कमी. भाकर-वरण सोबत खाल्लं की भरून निघतं. पण 40 दिवसांत 2 किलोच्या वर जाणाऱ्या ब्रॉयलरचं तेवढ्यावर भागत नाही.

आता क्विंटलला 200 ते 250 ग्रॅम डीएल-मेथिओनिन (मेथिओनिनची पावडर) घालते. पुडा उघडला की उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. एकदम मिक्सरमध्ये टाकलं तर सगळीकडे सारखं लागत नाही. म्हणून आधी किलोभर मक्याच्या भरड्यात हातानं कालवायचं, ते 5 किलोत, मग मिक्सरमध्ये.

गावात कोणी म्हणतं, "पावडरवाली कोंबडी." बायांनो, हे हार्मोन नाही. हेच अमिनो आम्ल अंड्यात आहे, तिळात आहे. शंका असेल तर रविवारी सकाळी या, मी खाद्य कालवत असते. पुडा तुमच्यासमोर उघडते.